'पॉश'चं तिकीट फाडा

पार्ल्याच्या एका वाचकांनी विचारलंय: 'पॉश'ला मराठीत 'उच्चभ्रू' म्हटलं तर चालेल का, आणि हा शब्द बोटीच्या तिकिटावरून आला हे खरं का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण ही बोट बुडवायची मला फार वर्षांची हौस आहे. बॅलार्ड पिअरचा विषय निघाला की कुणीतरी ती पाण्यात सोडतोच. पी अँड ओ कंपनीच्या बोटीने मुंबईला येणारे बडे साहेब म्हणे येताना डावीकडची, म्हणजे 'पोर्ट' बाजूची केबिन घ्यायचे आणि परतताना उजवीकडची, 'स्टारबोर्ड'ची. तांबड्या समुद्रातलं दुपारचं ऊन चुकावं म्हणून. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. चार आद्याक्षरं जोडली, झाला 'पॉश'! सांगणाऱ्याचे पणजोबा हटकून त्याच बोटीवर असतात. उन्हाचा हिशेब बरोबर आहे, बाकी थाप. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही, आणि ही गोष्ट छापून आलेली सापडते ती १९३५ पासून. शब्द मात्र १९१४ सालीच ब्रिटिश सैन्यावरच्या एका पुस्तकात आहे: घोडदळातले शिपाई सरकारी गणवेशापलीकडचे जे झोकदार कपडे करून घ्यायचे, ते 'पॉश'.

(ऑफिसातलं 'पॉश ट्रेनिंग' मात्र खरोखरच आद्याक्षरांचं, कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्याच्या २०१३ च्या कायद्याचं. त्याचा झोकाशी संबंध नाही.)

आता खरी मजा. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरबोलीत 'पॉश' म्हणजे अर्धी पेनी, चिल्लर. हा आला रोमानी भाषेतून. तिथे 'पाश' म्हणजे अर्धा. रोमानी म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या लोकांची भाषा. नाकाला नाक, कानाला कान, पाण्याला पानी. दोस्त या अर्थाचा इंग्रजी 'पाल'सुद्धा त्यांचाच 'फ्राल', म्हणजे भ्राता, आपला भाऊ. आणि 'पाश'चं मूळ? संस्कृत 'पार्श्व'! पार्श्व म्हणजे बाजू. दोहोंतली एक बाजू, म्हणून अर्धा. प्राकृतात त्याचाच 'पास' झाला, आणि तिथून आपले 'पासून' आणि 'पाशी'. दादरची भाजीवाली 'माझ्यापाशी सुट्टे नाहीत' म्हणते ना, तेव्हा 'पॉश'चा चुलतभाऊ तिच्या तोंडी असतो, आणि तोही चिल्लरीच्याच गोष्टीत. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कोथिंबीर तिथेच विसरून आलो होतो.

ऑक्सफर्डच्या कोशकारांना यात राम वाटत नाही. अर्ध्या पेनीपासून पैसा, पैशापासून छानछोकीचा माणूस (हा अर्थ १८९० च्या सुमारास नोंदलेला आहे), त्याच्यापासून त्याचे कपडे, ही साखळी त्यांना पुरती जुळलेली दिसत नाही, म्हणून 'मूळ अनिश्चित' लिहून ते हात झटकतात. कोशकारांनी तबेल्यात पाऊल टाकलेलं नसतं, एवढाच याचा अर्थ. इंग्लंडातले रोमा घोड्यांच्या व्यापारात मुरलेले. घोडदळाला घोडे लागतात. घोड्याच्या बाजारात सौदा ठरताना पैशाचे शब्द ऐकणाऱ्याच्या तोंडी बसणार नाहीत तर काय? हा तर्क माझा आहे. पुरावा मागाल तर माझ्यापाशी पॉशसुद्धा नाही.

हां, 'उच्चभ्रू'. 'उच्चभ्रू सोसायटीत घरफोडी' असा मथळा वाचला की माझ्याच भुवया वर जातात. तो शब्द 'हायब्राउ'वरून घडवलेला, म्हणजे बुद्धीचा आणि अभिरुचीचा तोरा मिरवणारा. त्यातला 'ब्राउ' म्हणजे कपाळ, कारण उंच कपाळाचा माणूस हुशार अशी समजूत होती. भाषांतरात कपाळाची भुवई झाली, आणि वर्तमानपत्रांनी बुद्धीच्या जागी फ्लॅटचा भाव बसवला. मलबार हिलवर चोरी झाली तर दागिने गेले असतील, अभिरुची गेल्याची तक्रार कुणी पोलिसांत करत नाही. कपड्यांना झोकदार म्हणा, हॉटेलाला थाटाचं, वस्तीला बड्या लोकांची वस्ती. 'पॉश' म्हणालात तरी चालेल.