'शकुंतला' रेल्वे नेमकी कशासाठी होती आणि ती बंद का पडली?

कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तिथून मोठ्या लाइनीने मुंबई, पुढे बोटीने इंग्लंडच्या गिरण्यांत. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अडीच फुटी नॅरोगेज रूळ टाकले: मूर्तिजापूरहून यवतमाळ ११३ किमी, अचलपूर ७६.

स्वातंत्र्यानंतरही रूळ खासगी कंपनीचेच राहिले. गाडी मात्र सरकारी रेल्वे चालवायची. माझ्या मते सगळं इथेच बिघडलं. मालकी एकाची, खर्च दुसऱ्याचा, मग दुरुस्तीला हात कोण घालणार? वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं, पण रूळ जुनेच. वेग ताशी वीसेक किलोमीटर. फाटक आलं की गाडी थांबायची, कर्मचारी उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडून परत चढायचा. बऱ्याच स्टेशनांवर माणूसच नव्हता, त्यामुळे तिकिटं गार्डच फाडायचा.

एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त म्हणून दारव्हा, कारंजा भागातली गरीब माणसं हिच्यावरच अवलंबून होती. आधी यवतमाळची गाडी थांबली, नंतर अचलपूरची. हा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, करण्याची मागणी अगदी रास्त आहे, ती लावून धरायलाच हवी.