पशुखाद्य आणि जनावरांची औषधं बनवणाऱ्या कंपन्या सेवांच्या मागे का लागल्यात? त्यात खरंच नवीन काही आहे का?

कारण माल सगळ्यांचा सारखाच झालाय. शिवाय युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद केलं. त्याजागी आलेली एन्झाइम, प्रोबायोटिक डोळे मिटून टाकून चालत नाहीत. चारा, पाणी, गोठा बघावा लागतो. म्हणून माणूस पाठवतात.

तो माणूस मी होतो, प्रीमिक्स म्हणजे खाद्यात मिसळायचं जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण बनवणाऱ्या कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला. एका मोठ्या गोठ्यावर दुधाचं फॅट उतरलं होतं. आमच्या सेल्सच्या साहेबांनी बफर (पोटातलं आम्ल आवरणारं) आणि टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष धरून ठेवणारं) यांचं कोटेशन आधीच देऊन ठेवलेलं. मी जाऊन फक्त मान डोलवायची. मी गव्हाणीतली टीएमआर, म्हणजे मिक्सरमध्ये चारा आणि खुराक एकत्र मिसळलेलं खाद्य, चाळली. एकावर एक बसणाऱ्या चाळण्या असतात, सपाट जागेवर पुढेमागे हलवायच्या. सर्वात वरच्या, १९ मिलिमीटरच्या चाळणीवर वजनाने २ ते ८ टक्के राहायला हवं. तिथे नावाला चार काड्या! मिक्सरवाला म्हणाला, “डॉक्टर, चांगलं एकजीव होईपर्यंत फिरवतो.” चाऱ्याचा पार भुगा. भुग्यावर रवंथ होत नाही, लाळ कमी पडते, कोटीपोटात, म्हणजे जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, आम्ल वाढतं आणि फॅट पडतं. मिक्सर लवकर थांबवायला सांगितलं. फॅट सावरलं, कोटेशन बारगळलं.

साहेब भडकले. “पगार कंपनी देते की तो गोठेवाला?” पुढे त्याच मालकाने सगळं प्रीमिक्स आमच्याकडून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ती विक्री मात्र साहेबांच्या खात्यावर चढली.

म्हणून स्पष्ट सांगतो, सर्व्हिसवाल्याला विक्रीचं टार्गेट असेल तर ती सेवा नव्हे. फुकट लॅब रिपोर्टच्या खाली त्याच कंपनीच्या पिशवीचं नाव असणारच. सेवेचं बिल वेगळं लावा, मग बघू कोण किती पाण्यात आहे.

नवीन म्हणाल तर तपासणी आणि सेन्सर. जनावरांची औषधं बनवणाऱ्या झोएटिसने २०१८ मध्ये रक्ततपासणीची यंत्रं बनवणारी अबॅक्सिस घेतली, औषध कंपनी मर्कने २०१९ मध्ये जनावरांचे टॅग आणि सेन्सर बनवणारी अँटेलिक. गळपट्टा रवंथाची मिनिटं मोजतो, आजार दिसायच्या आधी इशारा देतो. काम चांगलं आहे. पण रवंथ कमी का झालं, हे पट्टा सांगत नाही.

आणि हो, बाइंडर वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी१ हे बुरशीचं विष असेल तर दुधात त्याचंच बदललेलं रूप एम१ उतरतं, तिथे ते लागतं. फक्त आधी नमुना तपासा, आणि तोही ढिगाच्या चार-पाच जागांहून काढून एकत्र केलेला. बुरशी एखाद्याच कोपऱ्यात असू शकते.