१०८ उशिरा आली तर कोल्हापुरात जाब कोणाला विचारायचा?

आपण विचारले आहे की, कोल्हापूर जिल्ह्यात १०८ची रुग्णवाहिका उशिरा आली किंवा आलीच नाही, तर तिच्यावर देखरेख नेमकी कोणाची असते आणि तक्रार कुठे करायची. मी आरोग्य खात्यातला नाही. मात्र भुदरगड तालुक्यातील आमच्या गावी सासऱ्यांसाठी अशीच वाट पाहावी लागल्यावर मी बरेच महिने याच प्रश्नामागे हिंडलो, त्या अनुभवावरून लिहितो.

आपण सरसकट ‘सरकारी ॲम्ब्युलन्स’ म्हणतो, पण या गाड्यांचे धनी वेगवेगळे असतात. १०८ची सेवा राज्य सरकारने २०१४ साली खासगी कंपनीशी करार करून ९३७ गाड्यांनिशी सुरू केली. त्यांपैकी २३३ गाड्या अतिदक्षतेच्या सोयींनी सज्ज आणि उरलेल्या ७०४ प्राथमिक जीवरक्षक सोयींच्या होत्या. कोणती गाडी पाठवायची हे पुण्यातील कॉल सेंटरमध्ये ठरते, चालक आणि डॉक्टर कंपनीचे असतात, पैसा आरोग्य विभागाचा असतो, आणि जिल्ह्यात विचारणा करायची ती जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. प्राथमिक आरोग्य केंद्राकडील १०२ची गाडी, जी मुख्यतः गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी असते, ती जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते. खासगी गाडीने जादा भाडे घेतले तर तक्रार आरटीओकडे करावी. तालमी, मंडळे आणि पतसंस्थांच्या गाड्यांचा प्रश्न आणखी निराळा आहे. आपल्या कोल्हापुरात रुग्णवाहिकेचे लोकार्पण फार हौसेने होते, देणगीदाराचे नाव गाडीवर ठळक अक्षरांत रंगवले जाते. पुढे तिच्यातील ऑक्सिजनचा सिलिंडर कोण भरतो आणि चालकाचा पगार कोण देतो, हे विचारायला सहसा कोणी जात नाही.

माझी पहिली तक्रार वाया गेली, आणि ती माझ्याच चुकीने. ‘गाडी फार उशिरा आली’ एवढेच मी लिहिले होते, त्यावर ‘गाडी उपलब्ध होताच पाठविण्यात आली’ असे एका ओळीचे उत्तर आले. त्या उत्तरात खोटे काहीच नव्हते, म्हणून त्यावर पुढे बोलताही येईना. तेव्हा लक्षात आले की उशीर हा शब्द कागदावर टिकत नाही, वेळ टिकते. फोन केव्हा लागला, गाडीला निरोप केव्हा गेला, गाडी कोणत्या ठिकाणाहून निघाली, दारात केव्हा पोचली आणि रुग्णालयात केव्हा पोचली, या नोंदी आणि गाडीवरील जीपीएसची नोंद यांवरच पुढचे सगळे अवलंबून असते. म्हणून आपल्या मोबाइलमधील कॉलची नोंद पुसू नका, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि गाडीचा नंबर लिहून घ्या.

यानंतर मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रातील नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, त्यामुळे रागाला जागा उरत नाही, हे एका अर्थी बरेच आहे. ‘सदर नोंदी कंपनीकडे आहेत’ असे उत्तर मला प्रथम मिळाले. तुम्हालाही ते मिळण्याची शक्यता आहे, आणि ते पाहून गप्प बसू नका. २००५च्या कायद्यातील माहितीच्या व्याख्येत, सार्वजनिक प्राधिकरणाला इतर कायद्याखाली खासगी संस्थेकडून मिळवता येणारी माहितीही येते, आणि प्राधिकरणाच्या नियंत्रणाखालील माहिती मागण्याचा हक्क तर नागरिकाला आहेच. हाच मुद्दा मी ३० दिवसांच्या आत केलेल्या पहिल्या अपिलात मांडला. तिथेही नकार आला असता, तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता आले असते. पण तशी वेळ आली नाही.

हाती आलेल्या कागदाने माझा एक समज मोडला. मी चालकाला दोष देत होतो. प्रत्यक्षात निरोप मिळाल्यावर तो लगेच निघाला होता. माझा फोन आणि तो निरोप यांच्यामध्येच ४० मिनिटे गेली होती, कारण आमच्या भागातील गाडी एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात रुग्ण हलवण्यासाठी कोल्हापूरकडे गेलेली होती. चंदगड, आजरा, गगनबावडा अशा लांबच्या तालुक्यांतून रुग्ण शहराकडे रेफर झाला की गाडी जाऊन परत येईपर्यंत काही तास मोडतात, आणि तेवढा वेळ तो भाग उघडा पडतो. चालकावर कारवाई करून हे सुटणारे नाही. करार करणाऱ्या विभागाने रेफरसाठी वेगळ्या गाड्या ठेवायच्या की नाही, हा त्याच्या निर्णयाचा भाग आहे.

वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील शेतमजूर समितीच्या प्रकरणात १९९६ साली म्हटले आहे, आणि पैशाची अडचण ही सबब सरकारला पुढे करता येत नाही, हेही त्यात आहे. ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते, त्यामुळे मुंबईची वारी टळली. तरी एका प्रकरणावरून तिथे धावण्याआधी आपल्या तालुक्यातील मागील सहा महिन्यांच्या कॉलच्या वेळा, त्यांपैकी रेफरच्या फेऱ्या किती, आणि करारात उशिराबद्दल दंड ठरला असल्यास तो कितीदा वसूल झाला, एवढी माहिती मागवा. अर्ज जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे करा आणि पोच घ्यायला विसरू नका.