एकाच ग्राफाइटची सच्छिद्रता तीन पद्धतींनी तीन वेगवेगळी का येते?

अणुभट्टीच्या ग्राफाइटचा एकच ठोकळा. सच्छिद्रता वजन-मापावरून २१ टक्के, पारा दाबाने आत घुसवून १३, एक्स-रे टोमोग्राफीने (त्रिमितीय एक्स-रे चित्रण) ९. कोणतं यंत्र चुकतंय, असं तुम्ही विचारलंय. बहुधा एकही नाही. तिन्ही वेगवेगळी छिद्रं मोजतात.

आधी हिशेब लावा. निर्दोष स्फटिकाची घनता २.२६ ग्रॅम प्रति घनसेंमी, तुमच्या ठोकळ्याची १.७८. म्हणजे १ − १.७८/२.२६ = ०.२१. यात खुली (पृष्ठभागाशी जोडलेली) आणि बंद, दोन्ही छिद्रं आली. आता तोच नमुना हीलियम पिक्नोमीटरमध्ये (हीलियम वायू वापरून घनता मोजणारं यंत्र) ठेवा. समजा घनता २.०८ आली, तर खुली छिद्रं १४.४ टक्के आणि बंद साधारण ७. पारा बंद छिद्रांत शिरतच नाही, तेव्हा तुमचे १३ ताडायचे ते १४.४ शी. मग फरक फारसा उरत नाही.

पाऱ्याच्या आलेखाबाबत मात्र सावध राहा. स्पर्शकोन (पाऱ्याचा थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन) १४० अंश धरला तर १ मेगापास्कल दाबाला १.५ मायक्रॉन, ४०० मेगापास्कलला सुमारे ३.७ नॅनोमीटर व्यास येतो. पण हा व्यास छिद्राचा नव्हे, त्याच्या तोंडाचा. ५० मायक्रॉनची पोकळी १ मायक्रॉनच्या गळ्यामागे असेल, तर तिचं सगळं आकारमान १ मायक्रॉनच्या खात्यात जमा होतं. अगदी सुरुवातीची चढण बहुतेक वेळा नमुना कापताना पृष्ठभागावर पडलेल्या ओरखड्यांची असते. शेवटी, शंभरेक मेगापास्कलच्या पुढे, आलेख सरळ रेषेत चढत राहिला तर ते नवं छिद्र समजू नका. ते नमुन्याचं किंवा खुद्द यंत्राचं दाबाखालचं आकुंचन असू शकतं. यंत्राचा वाटा काढायला रिकाम्या पेनेट्रोमीटरची (नमुना आणि पारा ठेवायचं पात्र) फेरी घेऊन ती वजा करा. कापताना छिद्रांत बसलेली भुकटी हाही नेहमीचा घोटाळा: इथेनॉलमध्ये अल्ट्रासॉनिक धुलाई, मग ११० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवणं.

टोमोग्राफीचं गणित सोपं आहे. १० मिमीची कांडी २००० पिक्सेलांवर पसरली की व्हॉक्सेल (त्रिमितीय पिक्सेल) ५ मायक्रॉनचा. तीन व्हॉक्सेलांहून लहान छिद्रावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणजे १५ मायक्रॉनखालचं बरंच काही निसटतं. कांडी २ मिमीची केली तर व्हॉक्सेल १ मायक्रॉनवर येतो, पण एनबीजी-१८ सारख्या जाड कणाच्या ग्राफाइटमध्ये कणच १.६ मिमीपर्यंत असतात. मग तुम्ही ग्राफाइट नाही, एखादा कण मोजता. आणि उंबरठा (चित्रात छिद्र आणि घन वेगळं करणारी करडेपणाची सीमा) सरकवून ९ चे १३ करायचा मोह टाळा. त्यानं हरवलेली छिद्रं परत येत नाहीत, मोठी उगाच फुगतात.

म्रोझोव्स्की भेगा (स्फटिकाच्या थरांमधल्या अतिसूक्ष्म भेगा) या तिन्हींपैकी कुणालाच नीट दिसत नाहीत. ग्राफायटीकरणानंतर (कार्बन खूप तापवून त्याचं ग्राफाइट करणं) थंड होताना थरांना लंब दिशेचं आकुंचन जास्त असल्यानं त्या पडतात. किरणोत्साराखाली स्फटिक त्याच दिशेनं फुगतात तेव्हा याच भेगा आधी मिटतात, म्हणून मितीबदलाचा अभ्यास असेल तर ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपही वापरा. वायूनं होणाऱ्या ऑक्सिडीकरणासाठी खुली छिद्रं बघा. वितळलेला क्षार आत शिरेल का, हे गळ्याचा व्यास सांगतो. पृष्ठफळ हवं असेल तर ते ग्रॅमला १ चौरस मीटरहूनही कमी निघतं, तिथे पृष्ठभागावर वायू चिकटवून मोजताना नायट्रोजनपेक्षा क्रिप्टॉन बरा.

क्रम असा ठेवा: वजन-माप, टोमोग्राफी, हीलियम, क्रिप्टॉन आणि सर्वांत शेवटी पारा. पाऱ्याचा काही भाग आत अडकून राहतोच. तो नमुना पुन्हा वापरता येत नाही आणि तापवायच्या भट्टीत तर चुकूनही घालू नका.