सोलापूरच्या शशिकलाबाई

हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री शशिकला खरोखरच आपल्या सोलापूरच्या होत्या का, आणि त्यांच्या वाट्याला सारख्या दुष्ट स्त्रियांच्याच भूमिका का आल्या, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापुरात, जवळकर आडनावाच्या भावसार शिंपी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील व्यापारी होते आणि घरची परिस्थिती बरी होती. अगदी पाच-सहा वर्षांच्या वयात शशिकला जिल्ह्यातील गावोगावच्या रंगमंचांवर नाच, गाणे आणि अभिनय करू लागल्या होत्या. पुढे वडिलांचे दिवाळे निघाले आणि कुटुंबाने मुंबई गाठली.

मुंबईत स्टुडिओंचे उंबरठे झिजवत असताना त्यांची गाठ गायिका-अभिनेत्री नूरजहाँ यांच्याशी पडली. नूरजहाँ यांचे पती शौकत हुसेन रिझवी तेव्हा ‘झीनत’ (१९४५) दिग्दर्शित करीत होते. त्या चित्रपटातील, स्त्रियांनी गायलेली म्हणून गाजलेल्या कव्वालीत शशिकलांना स्थान मिळाले. त्यानंतरची कित्येक वर्षे लहानसहान कामांतच गेली. व्ही. शांताराम यांच्या ‘तीन बत्ती चार रास्ता’ (१९५३) मध्येही त्या होत्या, पण नाव गाजावे असे काही हाती लागत नव्हते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (१९५९) पाहावा लागतो. त्यात नूतन यांनी साकारलेली सुजाता ही ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी आहे, आणि शशिकला या त्या घरची सख्खी लेक रमा. सुजाताकडे येणारा तरुण खरे तर रमासाठी पाहिलेला असतो. येथे मत्सर दाखवणे अत्यंत सोपे होते, पण रमाच्या मनात बहिणीविषयी माया सोडून दुसरे काहीही दिसत नाही. पियानोवर बसून बालपणीच्या दिवसांचे गाणे म्हणणारी ती खेळकर मुलगी पाहिली, की या बाईंना दुष्टपणाखेरीज काही येत नव्हते हा समज तेथेच गळून पडतो.

मग फणी मजुमदार यांचा ‘आरती’ (१९६२) आला. त्यात मीनाकुमारींना छळणारी जाऊ जसवंती शशिकलांनी अशी उभी केली, की आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायका त्यानंतर अनेक वर्षे त्यांचे नाव निघाले की बोटे मोडत असत. ती अभिनयाला मिळालेली दादच होती, असे मी मानतो. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि लगेच पुढच्या वर्षी बी. आर. चोप्रा यांच्या ‘गुमराह’साठी (१९६३) तेच पारितोषिक पुन्हा मिळाले. चित्रपटसृष्टीची रीत अशी, की जे एकदा चालते तेच पुन्हापुन्हा मागितले जाते. त्यामुळे खलनायिकेचा शिक्का बसला तो या यशामुळेच.

‘गुमराह’मधील लीला मात्र बारकाईने पाहावी. (चित्रपट पाहिला नसल्यास हा परिच्छेद वगळावा.) ती माला सिन्हांना त्यांच्या जुन्या प्रेमप्रकरणावरून धमकावते आणि पैसे उकळते. शेवटी कळते, की ती नायिकेच्या पतीचीच सेक्रेटरी असून हा सारा बनाव त्यानेच रचलेला आहे. म्हणजे शशिकला येथे खलनायिकेचे सोंग घेतलेल्या साध्या नोकरदार बाईची भूमिका करीत होत्या. हे ठाऊक असताना पुन्हा पाहिले, तर त्यांच्या हसण्यातील आणि बोलण्यातील तो किंचित जादा ठसका किती विचारपूर्वक ठेवलेला आहे हे ध्यानात येते.

हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनुपमा’त (१९६६) त्या शर्मिला टागोर यांची मनमोकळी मैत्रीण झाल्या आणि अबोल नायिकेच्या शेजारी ती भूमिका फारच शोभली. पुढे संसारातील ताणांमुळे त्या पडद्यापासून दूर गेल्या आणि काही काळ कोलकात्यात मदर तेरेसा यांच्या संस्थेत त्यांनी सेवा केली. परतल्यावर त्यांनी चित्रपट आणि दूरदर्शन मालिकांमध्ये चरित्र भूमिका केल्या. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत, वयाच्या ८८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्याला दोनच चित्रपट पाहण्याइतकी सवड असेल, तर आधी ‘सुजाता’ आणि नंतर ‘आरती’ पाहावा. दोहोंत अवघ्या तीन वर्षांचे अंतर आहे.