हप्ता महिन्याचा, माड सहा वर्षांचा

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं एकाच इच्छेची आहेत: गावच्या जमिनीवर जाऊन राहायचं, घरचं पिकवून खायचं. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात कर्ज आहे. मी बँकेच्या कर्ज विभागात सव्वीस वर्षं काढली, आता गोव्यात सावईवेऱ्याला कुळागर, म्हणजे माड-सुपारीची मिश्र बाग, सांभाळतो. दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, त्या भरवशावर उत्तरं देतो.

वय 34, वेर्ण्याला नोकरी. घरकर्ज 16 लाख बाकी (साडेआठ टक्के), गाडीचं 4 लाख (साडेनऊ टक्के), क्रेडिट कार्डावर 90 हजार थकलेत. सत्तरीत वडिलांच्या नावावर बागायत आहे, दहा वर्षं कुणी पाय ठेवलेला नाही. राजीनामा देऊन तिथे जावं असं रोज वाटतं. आधी काय फेडू? (साखळी)

आधी कार्ड. हिशोब मांडून बघा. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के धरला तर 90 हजारांवर महिन्याचं व्याज 3,150 रुपये होतं, वर जीएसटी वेगळा. चार लाखांच्या गाडीचं महिन्याचं व्याज 3,167 रुपये. म्हणजे नव्वद हजार आणि चार लाख दोघंही तुमच्या पगाराला सारखाच घास घेतात! ‘किमान रक्कम’ भरत राहिलात तर हे कर्ज वर्षानुवर्षं सरत नाही. कार्ड संपेपर्यंत घरकर्जात एक रुपयाही जादा भरू नका.

कार्डानंतर गाडी. ती विकून जुनी स्कूटर चालत असेल तर विकाच. घरकर्ज शेवटी. ते फ्लोटिंग (बदलत्या) दराचं असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही, म्हणून बोनस आला की थेट मुद्दलात भरा. भरताना बँक विचारेल, हप्ता कमी करायचा की मुदत? हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, व्याज त्यातच वाचतं.

राजीनामा मात्र आज नको. हप्ता दर महिन्याला येतो, माड वर्षातून चार-पाच पाडप (नारळांची उतरणी) देतो, आणि नवा लावलेला उंच जातीचा माड फळ धरायलाच सहा-सात वर्षं लागतात. सुपारीला पाच-सहा. काजूचं कलम तिसऱ्या वर्षापासून, मिरवेल तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तुमचं कर्ज नेटानं फेडलं तर साधारण तितकीच वर्षं जातील. ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू द्या. रविवारी सत्तरीत जा. दहा वर्षं पडून राहिलेल्या बागायतीत पहिलं काम पाण्याचं: पाट मोकळा करा, झर कुठे वळली आहे ते बघा, वरच्या बांधाची चिरेबंदी तपासा. दुसरं काम रान साफ करून कडेनं आग अडवणारी मोकळी पट्टी काढणं, कारण मार्च-एप्रिलला डोंगरावरची आग खाली उतरते. रोपं जून-जुलैला लावा. हप्ता संपेल त्या सुमाराला माड धरू लागेल.

दोघंही नोकरी करतो. शेती करायची म्हणून पेडण्याकडे भाताची जमीन कर्ज काढून घ्यायचा विचार आहे. कर्ज काढावं का? (मडगाव)

नाही. दोन कारणं. गोव्यात 2023 पासून भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर कायद्याची बंदी आहे. विकणारा ‘करून देतो’ म्हणाला तरी विसार देऊ नका. आधी एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढा, कुळाचं नाव आहे का बघा, वकिलाला दाखवा.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात लोकांनी कर्जावर ट्रक घेतले, कारण खनिज रोज हलत होतं. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे, हप्ते चालूच. ती घरं मी कर्ज विभागात बसून पाहिली आहेत. समोर बसलेल्या माणसाचा काही दोष नव्हता, आणि माझ्याकडे त्याला द्यायला नोटिशीपलीकडे काही नव्हतं. शेतीला पाऊस, किडी, गवे, माकडं सगळेच वाटेकरी. तिच्या डोक्यावर हप्ता ठेवू नका. नात्यात पडून राहिलेली जमीन लेखी कराराने कसायला घ्या, तीन वर्षं करून बघा.

कुळागर अजून आजोबांच्या नावावर आहे. सहा वाटेकरी, दोघे मुंबईला. मी एकटाच राबतो. त्यात पैसे घालू का? (फोंडा)

कायमस्वरूपी काही घालू नका: विहीर नको, घर नको. आधी वाटणी. गोव्यात ती इन्व्हेंटरीनं (कोर्टात वारस नि मालमत्ता यांची यादी मांडून) होते, 2012 च्या वारसा कायद्याखाली. वेळ लागतो, पण सगळ्यांच्या संमतीनं गेलात तर बरीच दगदग वाचते. मुंबईच्या भावांना चवथीला घरी येतील तेव्हा बसवा, फोनवर हे जमत नाही.

आपल्याकडे पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून प्रत्येक भावाबरोबर वहिनीची सहीही लागते. तिला शेवटच्या दिवशी कागद पुढे करून सही मागणं बरोबर नाही, पहिल्या बैठकीला तीही असू दे. तोपर्यंत केळी, सुरण, हळद अशी वर्षभरात हाती येणारी पिकं घ्या आणि खर्चाची वही ठेवा.

पत्नीचं सोनं विकून कार्डाचं कर्ज फेडू का? (वाळपई)

तिनं स्वतःहून म्हटलं असेल तर हो. तिजोरीतलं सोनं महिन्याला साडेतीन टक्क्यांनी वाढत नाही. तुम्ही मागत असाल, तर आधी तुमची गाडी विका.

चौघांचं घर स्वतःच्या जमिनीवर किती भागतं? आणि रोख किती लागते? (काणकोण)

उकडे तांदूळ माणशी महिन्याला दहा किलो धरले तर वर्षाला 480 किलो, म्हणजे सुमारे सव्वासात क्विंटल भात. हेक्टरी चार टन उतारा धरला तर 1,800 चौरस मीटर शेत पुरतं. नारळ रोज एक: वर्षाला ऐंशी देणारे, खतपाण्याचे पाच माड. भिरंडीचं (कोकमाचं) एक झाड, एक फणस, एक नीरफणस, मिरवेली, अळू, तांबडी भाजी, वायंगणाला (हिवाळी हंगामात) मिरच्या नि चवळी. पाण्याचं म्हणाल तर हजार चौरस फुटांच्या छपरावर आपल्या तीन हजार मिलिमीटर पावसातून दोन लाख लिटरहून जास्त पाणी उतरतं. ते विहिरीच्या वरच्या अंगाला चर खणून जिरवा.

माझी आई मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची: सोलं, मिसकूट (कैरीचं लोणचं), फणसाचे पापड, सुकी मासळी, मीठ. पावसाळ्यात बाजाराला जायची गरज फार कमी पडायची. कर्जमुक्तीची सुरुवात मी लोकांना तिथूनच करायला सांगतो. जमीन नसली तरी हे या वर्षीच जमतं, आणि वाचलेली रक्कम थेट मुद्दलात जाते.

रोख तरीही लागते: वीज, शाळा, पेट्रोल, पाडेल्याची (नारळ उतरवणाऱ्याची) मजुरी. सुपारी, काजू, मिरी यांतून ती यावी. त्यासाठी कृषी खात्याचं कृषी कार्ड काढून ठेवा, आधारभूत किमतीचा लाभ त्याशिवाय मिळत नाही. पीककर्ज लागलंच तर किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंत सात टक्के, वेळेत फेडलं तर चार. ते पिकालाच वापरा. त्यातून लग्न केलं की चार टक्के कधी मिळत नाहीत.

आणि आजारपण. फिटलेली कर्जं पुन्हा उभी राहतात ती बहुतेक इस्पितळाच्या बिलानं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाखांचं संरक्षण आहे. तुमच्या या योजनेच्या कार्डाची मुदत संपली असेल तर या आठवड्यात नूतनीकरण करून घ्या.