इम्युनिटीच्या गोळ्या राहू द्या, आधी हिरड्यांचे पॉकेट मोजून घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि राहवेना. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, अँटिबायोटिक घेतलं की थोडे दिवस बरं मग परत तेच, आता एक दाढ हलायला लागलीय, आणि भाऊ धड दात घासत नाही तरी त्याला काही नाही, म्हणून तुम्ही विचारताय की इम्युनिटी वाढवायला काय घेऊ. अगदी हेच सगळं मी काढलंय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

हिरड्यांच्या या आजारात (पेरिओडॉन्टायटिस) बहुतेक लोकांमध्ये दाताभोवतीचं हाड झिजतं ते इम्युनिटी कमी पडते म्हणून नाही, ती तिथे सतत चालू राहते म्हणून. हिरडीच्या फटीत जंतूंचा थर चिकटून बसतो, त्याच्यावर शरीर न्यूट्रोफिल म्हणजे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी पाठवतं, थर काही हलत नाही, मग पेशी येतच राहतात आणि त्यांनी सोडलेली एन्झाइम्स आपलंच कोलॅजन, म्हणजे हिरडीला घट्ट ठेवणारे धागे, कापतात. पुढे रँकएल नावाचं प्रोटीन वाढतं आणि हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात. त्यात पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू तर असा आहे की सूज त्याच्या फायद्याचीच, तुटलेल्या प्रोटीनवर आणि रक्तातल्या लोहावर तो जगतो, शिवाय पांढऱ्या पेशींना भलतेच सिग्नल देऊन त्यांची मारायची ताकद कमी करतो पण सूज तशीच ठेवतो. मग त्या बूस्टर गोळ्यांनी नेमकं काय वाढवायचंय?

भावाचं म्हणाल तर तेही खरंच असतं. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या कामगारांचा एक जुना अभ्यास आहे, १९८६ साली छापलेला. दातांची कसलीच निगा नसलेली माणसं, सगळ्यांच्या दातांवर किटण, तरी साधारण ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. जंतू सगळ्यांकडे असतात, शरीर त्यांना कसं उत्तर देतं त्यात फरक.

आता माझं सगळ्यात जास्त नुकसान कशाने झालं ते सांगते. एका क्लिनिकमध्ये मी वर्षानुवर्षं जात होते, दर वेळी वरवरचं क्लीनिंग, अँटिबायोटिकचा कोर्स, माउथवॉश आणि "हिरड्या नाजूक आहेत तुमच्या". पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली, एकदाही मोजले नाहीत! थर चिकटलेला असताना गोळी आत नीट पोचतच नाही, तो आधी खरवडून काढावा लागतो हे तिथे कुणी बोललं नाही. नंतर हिरड्यांच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी खुणा असलेली बारीक सळई एकेका दाताभोवती सहा ठिकाणी घातली, ते आकडे बोलत होते आणि असिस्टंट लिहीत होती, तीन, तीन, सहा, सात... ३ मिमीपर्यंत ठीक असतं. तोवर हाड गेलेलं होतं आणि गेलेलं हाड बहुतेक करून परत येत नाही, याचा राग अजून जात नाही.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, जो डॉक्टर न मोजता गोळ्या देतो तिथे थांबू नका. (कधीकधी अँटिबायोटिक लागतं, नाही असं नाही, पण खोल सफाईच्या जोडीला.) चार्टिंग (पॉकेटच्या आकड्यांचा तक्ता) आणि एक्स-रे मागा, हिरडीखालचं स्केलिंग, म्हणजे थर खरवडून काढणं, करून घ्या, दोनेक महिन्यांनी परत मोजायला लावा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची टेस्ट) पण करून टाका, शुगर वाढलेली असली तर हिरड्या बऱ्या होत नाहीत आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की शुगर आवरत नाही. सिगारेट ओढत असाल तर रक्त कमी येतं म्हणून आजार कमी समजू नका, सिगारेटमुळे रक्त येणं झाकलं जातं.

आणि दातांमधल्या फटीत घालायचा छोटा ब्रश मिळतो तो घ्या, साइज डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, पुढच्या आणि मागच्या दातांना वेगळा लागू शकतो. सुरुवातीला रक्त येईल, घाबरून सोडू नका. चार्ट मिळाला की आकडे इथे टाका, त्या हलणाऱ्या दाढेचे आधी.